डाव्या हाताची साक्ष

दिनकर,

तुझ्या शोकसभेत माझा डावा हात पुरावा म्हणून सादर करण्यात आला. सौसरच्या ज्या शाळेत तू शिकलास तिच्याच सभागृहात मी पहिल्या रांगेत बसलो होतो, तुझ्या ताईच्या, माझ्या सुमनच्या, शेजारी. वक्ते बोलता बोलता थांबले, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "भाऊजींनी कृपया हात वर करावा." मी केला नाही. तेव्हा शेजारच्या एका गृहस्थांनी अत्यंत आदराने माझे मनगट धरले आणि निवडून आलेल्या उमेदवाराचा करतात तसा माझा हात वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! या हाताची नस तुटली होती, वक्ते म्हणाले, आणि सौसरच्या या सुपुत्राने आपल्या प्रयोगशाळेत शोधलेल्या औषधाने ती जोडली.

मी उभा राहिलो आणि हे असत्य असल्याचे सांगितले.

पुढे काय झाले असेल याची तुला कल्पना आहे. सुमनने माझ्या सदऱ्याचे टोक ओढले. वक्त्यांनी "दुःखाने मन सैरभैर होते" असे म्हणून मला क्षमा करून टाकली. मी सैरभैर नव्हतो. पांढुर्ण्यात आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलेला मनुष्य आहे मी. वाक्यातला कर्ता चुकला की मला बसवत नाही. आणि ते वाक्य बोलून विरणार असते तर कदाचित मी गिळलेही असते. पण शाळेच्या विज्ञानकक्षाला तुझे नाव द्यायचे ठरले आहे, दाराशी दगडी पाटी बसायची आहे, आणि नेमके हेच वाक्य तिच्यावर कोरले जाणार होते: तुटलेल्या नसा जोडणारे औषध शोधणारे थोर शास्त्रज्ञ. ते दगडात जाण्यापूर्वी बदलून घेणे, एवढे एकच काम तू माझ्यासाठी ठेवून गेलास. ते झाले. कसे झाले ते तुला सांगायला हवे, कारण तुझ्या मुलाची आणि माझी गोष्ट वेगळी पडते आणि सुमनची त्याहून वेगळी.

आधी हाताविषयी. त्याच्या बरे होण्याच्या तीन आवृत्त्या या मुलखात चालू आहेत. मी तिन्ही फेटाळतो.

पहिली तुझ्या ताईची. तिने जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलला आणि मारुतीने हात दिला. या आवृत्तीला तू जन्मभर हसत आलास, परंतु तिला खतपाणी तूच घातलेस. हैदराबादची प्रयोगशाळा सोडून तू सौसरला परत आला होतास; मला पाहायला तिथून बसने यायचास, वाटेत जामसांवली लागायची, आणि ताईने फोनवर बजावले म्हणून तू उतरून प्रसाद घेऊन मागच्या बसने यायचास. शास्त्रज्ञाच्या एका खिशात टॉर्च आणि दुसऱ्या खिशात नारळाचा तुकडा! मी टोचून बोललो तर म्हणायचास, "भाऊजी, ताईले नाही म्हणायची हिंमत तुमच्यात आहे का? मग माझ्यात कुठून येईन?"

दुसरी आवृत्ती शेजाऱ्यांची: नागपूरच्या सर्जनने नस शिवली, काम संपले, बाकी सगळ्या गप्पा. त्या सर्जनविषयी मला आदर आहे. केसाहून बारीक दोऱ्याने, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी शिवण घातली. पण शिवल्याने नस जोडली जात नाही, हे मला त्यांनीही सांगितले आणि तूही. शिवण दोन टोके समोरासमोर धरते. चालायचे बाकीच असते.

तिसरी आवृत्ती औषधाची. ती सर्वांत गोड आहे आणि म्हणून सर्वांत घातक.

आता माझी आवृत्ती. माझ्या संत्र्याच्या बागेत कलम करत होतो; जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बसवत होतो. सालीत उभी-आडवी चीर दिली, डोळा सरकवण्यासाठी खुंट डाव्या हातात घट्ट धरला, आणि उजव्या हातातला चाकू घसरून डाव्या मनगटाच्या वर, करंगळीच्या बाजूने, खोल गेला. लोक सांगतात की म्हातारपणामुळे हात थरथरला. खोटे आहे. खुंट ओला होता. तर, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू माझ्यापुरती नाहीशी झाली. सुई टोचा, चटका द्या, काही नाही. बोटे एकमेकांपासून फाकवता येईनात. एखाद्या परक्या माणसाचा हात आपल्या बाहीत शिवून ठेवावा तसे वाटत असे.

शिवण झाल्यावर काही दिवसांतच मी जाहीर केले की जखम सुकली, डोळा धरला, आता बंध सोडतो. आम्ही कलमवाले तसेच करतो; डोळा हिरवा राहिला की पट्टी काढतो. मी आधाराची फळी सोडायला घेतली आणि नेमका तू दारात. तुझा आवाज मी त्याआधी कधी चढलेला ऐकला नव्हता.

"काय करून राहिले, भाऊजी? ठेवा तो हात खाली!"

"डोळा धरला."

"हे कलम नाही. कलमात तुम्ही नवा डोळा आणून बसवता. इथं कोणी नवं आणत नाही. शिवणीच्या खालचा धागा मरून जाते, पूर्ण. मग वरचा जुना धागा रिकाम्या नळीतून वाढत खाली येते. दिवसाले मिलिमीटरभर. तुम्ही आता झटका दिला तर शिवणच तुटते."

"मिलिमीटर? आमची गोगलगाय बरी."

"मग गोगलगायीले शिवायले सांगायचं होतं."

कलमाची उपमा चुकीची होती हे मी अजूनही मान्य करत नाही. ती अपुरी होती. अपुरे आणि चुकीचे यांतला भेद तूच मला पुढे शिकवलास, तेव्हा तो माझ्यासाठीही लागू कर.

त्यानंतर तू ठरावीक अंतराने येत राहिलास. ओसरीवर खुर्चीत बसायचे, माझा हात तुझ्या गुडघ्यावर पालथा-उताणा करायचा, आणि मनगटापासून करंगळीकडे बोटाने हलक्या टिचक्या मारत जायचे. एका ठिकाणी झिणझिणी उठायची. तिथे तू बॉलपेनने ठिपका द्यायचास. वाढणाऱ्या धाग्याचे टोक तिथवर आले, म्हणायचास. पुढच्या खेपेस ठिपका थोडा पुढे. सुमन मला आंघोळीला जाताना ओरडायची, "ठिपका पुसू नका हं, दिनू येऊन राहिला उद्या." आणि टिचक्या संपल्या की तुझा एकच प्रश्न असायचा:

"काय म्हणते करंगळी?"

"काही म्हणत नाही."

"बोलन. तुमच्या घरची आहे, गप्प किती दिवस राहीन?"

त्या महिन्यांत तू मला जे सांगितलेस ते मी इथे मांडतो, कारण शोकसभेत त्यातले एक अक्षर कोणी उच्चारले नाही. मी विचारले होते की धाग्याला वाट कोण दाखवतो. तू म्हणालास, धाग्याला वेढून राहणाऱ्या पेशी. एरवी त्या वीजतारेवरच्या वेष्टनासारखे आवरण तयार करतात. नस तुटली की त्या आपला धंदा बदलतात. आवरण बनवणे थांबवतात, मेलेल्या धाग्याचा कचरा उपसतात, रांगेत उभ्या राहतात आणि येणाऱ्या धाग्यासाठी वाढीचा रस सोडतात. धागा पोचला की पुन्हा पहिल्या धंद्याला लागतात.

"त्यांना धंदा बदलायला कोण सांगतो?" मी विचारले.

यावर तुझे डोळे लकाकले. तुझे आयुष्य त्याच प्रश्नात गेले होते. पेशीत जनुकांचे आदेश घेऊन जाणारे आरएनएचे लांब धागे असतात, हे मलाही पुस्तकांतून माहीत होते. तू सांगितलेस ते वेगळे होते. बावीस-तेवीस अक्षरांचे इवलेसे आरएनए. ते स्वतः काही बांधत नाहीत. लांब आदेशाला जाऊन चिकटतात आणि तो आदेश अमलात येऊ देत नाहीत. पूर्वी प्रयोगात ते तळाशी वाहून जायचे आणि लोक त्यांना तुकडा-कचरा समजत. "आम्हीच किती वर्षं नळाखाली सोडून दिले असतील, भाऊजी," तू म्हणालास, आणि हसलास. पण ते हसू मला पुरते हसू वाटले नाही.

मी म्हणालो, नुसते आदेश अडवून काय साधते? अडवणारे कारकून मी शाळेत पुष्कळ पाहिले आहेत.

"तुम्ही बहार कसा आणता?" तू उलट विचारलेस. "झाडाले पाणी देऊन का तोडून?"

"तोडून. ताण देऊन. पाने मलूल झाली की मग पाणी सोडायचे, म्हणजे फूल येते."

"मग फूल कोणी दिलं? तुम्ही तर फक्त पाणी अडवलं."

मी गप्प बसेन अशी तुझी अपेक्षा होती. मी म्हणालो, ताण देणे कोणालाही जमते; कधी थांबायचे हे कळणे म्हणजे बागाईत. फार ताणले की झाड वाळते, आधीच पाणी दिले की नुसती पाने येतात.

तू मांडीवर थाप मारलीस. "तेच! तेच तर पाहून राहिलो इतकी वर्षं. नस तुटली की काही छोटे आरएनए कमी होतात, तेव्हा अडवलेला वाढीचा रस सुटते. काही वाढतात, आणि जे वाढीले लगाम घालते त्यालेच लगाम घालतात. मग उलट फिरावं लागते. कोणता कधी वाढते, कधी उतरते, आणि टाइम चुकला तर काय होते, एवढंच माझं काम."

एवढंच! त्या दिवशी तू गेल्यावर मी बागेत बराच वेळ उभा राहिलो. माझ्या मनगटाच्या आत कोणीतरी ताण देत आहे आणि सोडत आहे, याचे मला अपार सुख वाटले. हे मी तुला सांगितले नाही. तू म्हणाला असतास, भाऊजी, तो कोणीतरी नाही, ती फक्त रसायनं आहेत, आणि आपले भांडण पुन्हा सुरू झाले असते.

मग ती कागदाची पट्टी. आठवते? लांबच लांब, तिच्यावर शाईचे बारके पंजे. सुमनला वाटले नातवाने काढलेले चित्र आहे. तू सांगितलेस की ती उंदराची पावले आहेत. पायाची नस दुखावली की त्याच्या पंजाची बोटे मिटून पडतात, बरी होऊ लागली की फाकतात. म्हणून पायाला शाई लावून त्याला कागदावरून चालवायचे आणि ठसे मोजायचे. सुमनने पट्टी हातात घेतली, सुरुवातीचा मिटलेला पंजा पाहिला, शेवटचा फाकलेला पाहिला, आणि तिचा चेहरा उजळला.

"बरा झाला म्हणजे हा! मग सोडून दिला का त्याले?"

तू तिच्याकडे पाहिले नाहीस. "नाही, ताई. मारला. नस काढून आतून पाहावी लागते."

तुझ्या हातातला चहाचा कप निवत राहिला. सुमन पट्टी गुंडाळत म्हणाली, "मग त्याच्या नावानं कधी खोटं नको बोलू, दिनू. त्यानं जीव दिला."

"नाही बोलत, ताई."

माझ्या मते तुझ्या आयुष्यातील एकमेव शपथ ती होती. आणि ती घेतली जाताना साक्षीदार म्हणून मी उपस्थित होतो. लोक मला हेकट म्हणतात तेव्हा त्यांना हे ठाऊक नसते.

त्या पट्टीवरूनच तुला खूळ सुचले. सौसरला तुझ्या घराच्या मागच्या भिंतीशी, तुळशीच्या पलीकडे, तू हळद कालवून ठेवलीस आणि मला म्हणालास, बुडवा हात. आपल्याकडे लग्नकार्यात हळदीचे छापे भिंतीवर उमटवतात, ते उजव्या हाताचे. सुमन धावत आली.

"डाव्या हाताचा छापा कोणी देते का, मेल्या? अशुभ असते!"

"देवाले उजवा दे, ताई. मले डावाच पाहिजे."

छापा उमटला: चार बोटे एकमेकांना चिकटलेली, करंगळी वाकडी, वल्ह्याच्या पात्यासारखा. तू त्याकडे अशा कौतुकाने पाहिलेस की मला राग आला. मग पुढचा उन्हाळा सरल्यावर, ठिपके तळहातावर उतरून बोटांच्या मुळाशी पोचल्यावर, त्याच भिंतीवर दुसरा. बोटे फाकली होती. करंगळी अजून जरा फटकून उभी होती, घरात नव्या आलेल्या सुनेसारखी, पण आपल्या बळावर उभी होती. तू चष्मा काढून पुसलास. धूळ गेली, असे तू म्हणालास. दिनकर, त्या दिवशी वारा पडलेला होता.

स्पर्श मात्र करंगळीच्या टोकाला आला नाही. दाब कळायचा, ऊनगार कळायचे नाही. चहाचा पेला धरताना मी तिला बाजूला ठेवीत असे.

आपले शेवटचे भांडण यावरूनच झाले आणि ते अर्धवट राहिले. तू पांढुर्ण्याला आला होतास. नवा जिल्हा सौसरऐवजी पांढुर्ण्याच्या नावाने झाल्यापासून सौसरकरांचा ठरलेला टोमणा मारून झाला होता: "जिल्हा तर नेला तुम्ही, भाऊजी, आता संत्री तरी बांधून द्या." मी पिशवी भरत होतो आणि विचारले, "खरे सांग. माझ्या हाताला तुझ्या विद्येचा काय उपयोग झाला?"

"सध्या तरी काही नाही."

"पुढे औषध निघेल?"

"निघू शकते. त्या आरएनएले नेमक्या जागी नेमक्या वेळी पोचवता आलं तर. उंदरात जे दिसते ते माणसात दिसलंच असं नाही."

"आपल्या हयातीत?"

"कोणाच्या, तुमच्या का माझ्या?"

"मग हे ज्ञान अपुरे आहे."

"अपुरं आहे," तू म्हणालास, "खोटं नाही." आणि पिशवी उचलून बसस्टँडकडे निघालास. मी ओसरीवरून ओरडलो की हे उत्तर नव्हे, बसून बोल. तू मागे न पाहता हात हलवलास. दिवाळीनंतर झोपेतच गेलास, आणि ते भांडण माझ्या अंगावर राहिले.

आता पाटीची हकीगत. तुझा प्रशांत बोरगावच्या कारखान्यातून सुटला की घरी असतो, म्हणून मी आणि सुमन संध्याकाळच्या बसने सौसरला गेलो. अंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड चालू आहे; एक पेटी सोबत घेतली. पाटीचा मजकूर त्याच्यासमोर ठेवून मी म्हणालो, हे वाक्य जाईल.

"मामाजी, बाबाले मोठं म्हटलं तर तुमचं काय जाते?" तो आपल्या आत्याच्या नवऱ्याला, म्हणजे मला, म्हणाला. "सारा गाव खुश आहे. तुम्ही एकटेच काऊन आडवे येऊन राहिले?"

"माझा हात जाते." मी रागावलो की माझी शुद्ध भाषा सुटते, हे तुला ठाऊक आहे. "हात माझा आहे. त्याच्या नावानं साक्ष द्यायची तर मी देईन, गाव नाही."

"औषध नाही, तर मग बाबानं केलं काय? ते तरी सांगा. लोकाईले काय सांगू मी? आयुष्यभर उंदराचे पाय पाहिले म्हणून?"

दिनकर, तो माझाच प्रश्न होता. ओसरीवर मी तुला विचारलेला, शब्द तेवढे वेगळे. आणि उत्तर द्यायला तू नव्हतास.

तो पुढे म्हणाला, खाली मान घालून, "आम्ही लहान होतो तेव्हा बाबा घरी नव्हतेच, मामाजी. ते तिकडं हैदराबादला लॅबमध्ये, आम्ही इकडं आईजवळ. इतकं करून औषध तरी निघालं, असं वाटत होतं. तेही तुम्ही काढून घेऊन राहिले."

मी भांडखोर आहे, आंधळा नाही. मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि तुझ्या बाजूने बोललो. म्हणालो, ज्याचा हात मेल्यासारखा लोंबतो तो माणूस महिनोन्‌महिने भीतीत राहतो. मी एक दिवस भ्यालो नाही, कारण आत काय चालले आहे ते मला कोणीतरी सांगत होते. म्हणालो, उद्या जो कोणी औषध काढील तो कोण्या गावचा असेल माहीत नाही, पण त्याला तुझ्या बापाने पाहून ठेवलेल्या वाटेने जावे लागेल, तिथे कुठे वाट नाही हेही त्यानेच पाहून ठेवले आहे. म्हणालो, औषध काढले असे लिहाल तर खरे औषध निघेल त्या दिवशी ही पाटी हास्यास्पद होईल. खरे लिहाल तर त्या दिवशी तिला अर्थ येईल.

प्रशांत ऐकत होता, पण वितळत नव्हता. आणि इथे, मी सांगतो, युक्तिवाद माझा जिंकत आलाच होता, तेवढ्यात तुझी ताई मध्ये बोलली. तिच्या मते तिनेच सगळे केले. तिने प्रशांतला उंदराची गोष्ट सांगितली: कागदाची पट्टी, तुझा निवलेला चहा, ते शब्द. मग म्हणाली, "दिनूनं मले कबूल केलं होतं. तू त्याच्या नावावर खोटं लिहिशीन तर त्याचं तोंड पडते माझ्यापुढं. मारुतीचं मी माझ्या मनात म्हणन. पाटीवर मारुतीही नको अन् औषधही नको."

प्रशांतने पेन काढला आणि मला म्हणाला, "सांगा, मामाजी. काय लिहू?"

पाटीवर आता हे आहे: तुटलेला मज्जातंतू स्वतःला कसा दुरुस्त करतो आणि त्यात इवल्या आरएनए रेणूंचा हात कसा असतो, याचा त्यांनी आयुष्यभर शोध घेतला. हे ज्ञान अपुरे आहे; खोटे नाही. कोरणाऱ्याने "अपुरे" या शब्दावर हरकत घेतली, पाटीवर असे कोणी लिहीत नाही म्हणून. प्रशांतच त्याच्याशी भांडला. मी फक्त उभा होतो. तुझा मुलगा चांगला भांडतो, दिनकर. आमच्या घराचे काहीतरी त्याच्यात उतरले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या भिंतीला चुना देणार होता. त्याला ते छापे कधी कोणी सांगितलेच नव्हते. त्याला वाटत होते पोराबाळांनी हळद फासली असेल. मी त्याला पहिला छापा दाखवला, मग दुसरा. मिटलेला आणि फाकलेला. तो दोहोंच्या मधल्या कोऱ्या भिंतीकडे पाहत राहिला. "यामधात बाबा काय करत होते?" त्याने विचारले. मी म्हणालो, "टिचक्या मारत होता. आणि थांबायचे कसे, ते मला शिकवत होता." त्याने चुन्याची बादली उचलून दुसऱ्या भिंतीशी नेऊन ठेवली. मग आत जाऊन हळद कालवून आणली.

"तिसरा द्या, मामाजी."

मी हात बुडवला आणि तसाच थांबलो. सुमनने विचारले काय झाले. मी म्हणालो, करंगळीला गार लागते.

तिने माझ्याकडे पाहिले. थंडीचे दिवस, विहिरीचे पाणी. मनाचे खेळ असू शकतात. तू म्हणाला असतास, एकदा झालं म्हणजे काही झालं नाही, भाऊजी, पुन्हा करून दाखवा. तेच तिला सुचले असावे. ती स्वयंपाकघरात गेली आणि दोन वाट्या घेऊन आली, एकीत गार पाणी, एकीत कोमट. जामसांवलीच्या मारुतीची भक्त माझ्यासमोर उकिडवी बसली, माझी करंगळी पुसून तिने चिमटीत धरली आणि हुकूम सोडला, "डोळे मिटा. चोरून पाहायचं नाही."

"गार."

"आता?"

"कोमट."

तिने वाट्या बदलल्या, मग बदलल्यासारखे करून तीच ठेवली. बहिणीने भावाची विद्या एवढी तरी उचलली होती. मी पुन्हा ओळखले. पुन्हा ओळखले.

ही गोष्ट मी पांढुर्ण्यात कोणाला सांगितलेली नाही, सांगितली असती तर चौथी आवृत्ती निघाली असती. इथे लिहितो ती तुझ्यासाठी. इतरांनी वाचलीच तर त्यांनी तिच्यातून चमत्कार काढू नये. एक म्हातारी करंगळी आहे, तिला उशिरा कळू लागले, एवढेच.

मी डोळे उघडले तेव्हा सुमनच्या मांडीवर दोन्ही वाट्या होत्या आणि ती छाप्यांकडे पाहत होती. मला वाटले आता मारुती येणार, आणि मी उत्तर तयार ठेवले. ती म्हणाली, "दिनू पाहिजे होता."

दिनकर, या एका वाक्यावर माझी हरकत नाही.